गाडी कोण चालवत होतं?

(मागील गणेशोत्सवात चौथ्या दिवशी आपल्या सभागृहात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. वक्ते मोटार विम्याचे सर्व्हेयर म्हणून चौतीस वर्षं काम करून निवृत्त झाले आहेत. त्यांची बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे. – संपादक)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीवर निरूपणं झाली, नाट्यसंगीत झालं, अहिल्यादेवींवर तर दरवर्षी एक व्याख्यान होतंच. आमच्यासारख्या माणसाला इथे उभं करायचं धाडस सांस्कृतिक चिटणीसांनी केलं. फोनवर म्हणाले, "काका, या वर्षी काहीतरी हलकंफुलकं हवंय." आम्ही म्हटलं, "बाबा रे, आम्हाला मोडक्या गाड्यांपलीकडे काही येत नाही." तर म्हणाले, "मग मोडक्या गाड्यांवरच बोला. पण महागड्या असू द्या. लोकांना बरं वाटतं."

त्यांचं खरं आहे. शेजाऱ्याची मारुती ठोकली गेली तर आपण "अरेरे" म्हणतो. पाच कोटींची गाडी खांबावर आदळली तर "अरेरे" तोंडात येतं, पण त्याच्या आधी ओठांचे कोपरे हलतात. चौतीस वर्षं आम्ही हे कोपरे पाहिले आहेत. स्वतःचेही, काच खाली करताना आरशात.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही स्वतःला "आम्ही" म्हणतो याचं काही जणांना हसू येतं. रिपोर्टात "आम्ही गाडीची पाहणी केली, आम्हाला असे आढळले" असं लिहायची सवय लागली, ती हाडात भिनली. घरीसुद्धा "आम्ही चहा घेतला" म्हणालो की बायको विचारते, "दोन कप?"

महागड्या, वेगवान गाड्या आपल्या इंदूरला नव्या नाहीत. महाराज यशवंतराव होळकर, माणिकबाग राजवाडा बांधून घेणारे, मोटारींचे मोठे शौकीन. १९३५ सालची त्यांची ड्यूसेनबर्ग एसजे आजही जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे. इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेली, रंग केशरी आणि काळा, ताकद ३२० अश्वशक्ती. ज्या काळात आपले आजोबा टांग्यात बसायला नाणी मोजत होते, त्या काळातली ही गोष्ट. पण एक ध्यानात घ्या, त्या वेळी रस्त्यावर स्पीडब्रेकर नव्हते.

या विषयाचा खरा खलनायक म्हणजे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि सुमारे पावणेचार मीटर लांब असावा, म्हणजे गाडी त्याच्यावरून लाटेवरून गेल्यासारखी जाते. आपल्याकडे मात्र गल्लीत दोन वेळा कुणाचं कुत्रं दगावलं की रातोरात सिमेंटचा बांध उभा राहतो. उंची तीच किंवा जास्त, लांबी एक हात. आता स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंचांवर. आपल्या साध्या गाडीचं साडेसहा-सात इंचांवर. हिशेब तुम्हीच करा.

आपल्या शहरातलंच एक लग्न सांगतो. नाव-गाव काही विचारू नका. नवरदेवाला घोड्यावर बसायचं नव्हतं, म्हणून भाड्यानं दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. बँड पुढे, गाडी मागे. मंगल कार्यालयाच्या दाराशी उतार-चढाव होता, पुढची चाकं उतरली, मागची अजून वर होती, मध्ये पोट टेकलं. या गाड्यांना नाक उचलायचं बटण असतं, दाबलं की पुढचा भाग दीडेक इंच वर येतो. पण नाक उचललं म्हणून पोट उचललं जात नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, धूर निघाला, आणि बँडवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी आणखी जोरात वाजवायला सुरुवात केली. शेवटी नवरदेव उतरला, मंडपवाल्याच्या फळ्या आणल्या, वऱ्हाडातल्या आठ पोरांनी "मोरया" म्हणत गाडी उचलली. नवरदेव शंभर पावलं चालत बोहल्यावर गेला. आमच्या रिपोर्टात "पुढील बंपरचा खालचा ओठ तुटला, तळाचे आवरण फाटले" एवढंच आलं. नवरीकडच्या मावशींनी केलेलं वर्णन लिहायला फॉर्ममध्ये जागा नसते.

दुसरा प्रकार म्हणजे कौतुकाची गर्दी. सुपरकारचा मालक कुठूनही निघाला की दहा पोरं मोबाईल घेऊन उभी असतात. "भिया, एक बार रेस दो ना!" भियांना राहवत नाही. आता यातलं शास्त्र सोपं आहे. या गाड्यांचे टायर रुंद आणि मऊ, ते गरम झाल्यावरच रस्ता धरतात. घरातून निघून चौकात आलेल्या गाडीचे टायर थंड असतात. ताकद मागच्या चाकांवर, पाचशे-सहाशे घोड्यांची. पाय जोरात दाबला की मागची चाकं घसरतात, शेपूट आडवी होते, आणि घाबरून पाय झटकन काढला की गाडी उलट्या दिशेला झोकांडी खाते. समोर खांब नसेल तर नशीब. कंपनीनं घसरण आवरणारी यंत्रणा दिलेली असते, पण काही शूर मंडळी ती मुद्दाम बंद करतात. म्हणजे देवळात जाताना आधी घंटा काढून ठेवायची.

२०१६ साली मीरा-भाईंदरला एका आमदारांनी पत्नीला वाढदिवसानिमित्त लॅम्बोर्गिनी भेट दिली. किंमत साडेपाच कोटी असल्याचं वर्तमानपत्रांत आलं. माणसं जमली, बाई गाडीत बसल्या, गाडी निघाली, आणि थोड्याच अंतरावर उभ्या असलेल्या रिक्षाला जाऊन भिडली. देवाच्या कृपेनं कुणाला लागलं नाही. पण ती चित्रफीत देशभर फिरली. गाडी मिळाल्याचा आनंद किती मीटर टिकला, ते लोकांनी मोजलं.

आता यात आपण मागे आहोत असं समजू नका. मोनाकोचं नाव ऐकलं असेल, जिथे श्रीमंतीचा नुसता धूर निघतो. तिथल्या कॅसिनोसमोरच्या चौकात २०११ च्या जुलैत एका बाईंनी आपली बेंटली एका मर्सिडीजला घासली, तिथून ती फेरारीवर गेली, मग ॲस्टन मार्टिन, मग पोर्शे. एकाच फटक्यात पाच गाड्या. आजूबाजूला सगळे पर्यटक, सगळ्यांच्या हातात कॅमेरे. आमच्या धंद्यातल्या माणसानं ते फोटो पाहिले की त्याला आधी हसू येत नाही, कपाळाला आठ्या पडतात: पाच मालक, पाच पॉलिसी, पाच सर्व्हेयर!

त्याच वर्षी डिसेंबरात जपानमध्ये शिमोनोसेकीजवळ महामार्गावर याहून मोठं लग्न लागलं. हौशी मालकांचा ताफा एकामागून एक निघाला होता. रस्ता ओला. पुढच्या फेरारीवाल्यानं लेन बदलताना गाडी कठड्याला घासली, आणि मागच्यांना थांबायला जागाच उरली नाही. आठ फेरारी, एक लॅम्बोर्गिनी, मर्सिडीज, मिळून चौदा गाड्या. जखमा किरकोळ होत्या. या चौदांत एक साधी टोयोटा प्रियसही होती. आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं ते त्या प्रियसवाल्याचं. बिचारा आपल्या कामाला चालला असेल. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल? "अगं, आज फेरारींमध्ये सापडलो."

पण या सगळ्यांत आमचा आवडता माणूस म्हणजे रोवन ॲटकिन्सन. तुमच्या नातवंडांचा मिस्टर बीन. पडद्यावर तो हिरवट-पिवळ्या मिनीला दाराबाहेरून कडी-कुलूप लावतो आणि एका तीन चाकी गाडीला छळतो. प्रत्यक्षात मात्र गृहस्थांकडे मॅकलारेन एफ-वन होती. ही गाडी जगात एकूण फक्त १०६ बनली. चालक मधोमध बसतो, दोन पाहुणे त्याच्या दोन्ही बाजूंना जरा मागे. इंजिन बीएमडब्ल्यूचं, बारा सिलिंडरचं, आणि इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा पत्रा, कारण उष्णता परतवायला सोन्यासारखं दुसरं काही नाही. आपण सोनं लॉकरमध्ये ठेवतो, त्यांनी इंजिनाला लावलं.

१९९९ मध्ये ॲटकिन्सन साहेबांनी ही गाडी एका साध्या ऑस्टिन मेट्रोला मागून ठोकली. म्हणजे बीननं केलं असतं तेच. पुढे २०११ च्या ऑगस्टमध्ये पीटरबरोजवळ गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. खांद्याचं हाड मोडलं. दुरुस्तीला वर्षाहून जास्त काळ लागला आणि विमा कंपनीला सुमारे नऊ लाख दहा हजार पौंड मोजावे लागले. ब्रिटनमधला तोवरचा सगळ्यात मोठा मोटार दावा म्हणून त्याची चर्चा झाली. साऱ्या जगानं विनोद केले. पण ॲटकिन्सन यांनी गाडी लपवली नाही, दुरुस्त झाल्यावर पुन्हा रस्त्यावर चालवली, आणि २०१५ मध्ये विकली तेव्हा सुमारे ऐंशी लाख पौंड मिळाले. घेतली होती त्याच्या कितीतरी पट. दोनदा ठोकलेली गाडी! आम्ही आमच्या खात्यात नव्या पोरांना हे उदाहरण द्यायचो. गाडी ठोकली म्हणून माणसाची किंमत कमी होत नाही. कधी कधी गाडीचीही होत नाही.

कधी दोष मालकाचा नसतो, हेही सांगायला हवं. २०१० मध्ये फेरारी ४५८ या नव्या गाड्या काही ठिकाणी पेटल्या. आधी लोकांनी मालकांनाच नावं ठेवली, पेलवत नाही ते घ्यावं कशाला म्हणून. शेवटी कंपनीनं शोध घेतला, तर मागच्या चाकाजवळचा उष्णतारोधक पत्रा ज्या गोंदानं चिकटवला होता, तो गोंदच तापून पेट घेत होता. कंपनीनं चूक मान्य केली, १,२४८ गाड्या परत बोलावल्या आणि गोंदाऐवजी पक्के फास्टनर लावून दिले. फजिती झाली, पण नाव राहिलं.

मंडळी, इथवर हसलो. आता ज्या फजितीवर हसू येत नाही तिच्याकडे वळतो.

अमेरिकेत टेक्सासमध्ये, गॅल्व्हेस्टनच्या बाजूला, २००९ च्या नोव्हेंबरात एक बुगाटी वेरॉन खाजणात गेली. वेरॉन म्हणजे सोळा सिलिंडर, चार टर्बो, हजार अश्वशक्ती, ताशी चारशे किलोमीटरच्या वर जाणारी. मालक म्हणाला, खाली उडत आलेला एक पेलिकन पक्षी बघून दचकलो, फोन हातातून पडला, आणि गाडी पाण्यात गेली. पाण्यात गेल्यावरही इंजिन बराच वेळ चालूच राहिलं, म्हणजे खारं पाणी आत ओढून पुरतं खलास. गाडी दहा लाख डॉलरला घेतली होती, विमा बावीस लाखांचा. आता योगायोग असा की शेजारच्या लेनमधून जाणारे दोघे अशी गाडी पुन्हा बघायला मिळणार नाही म्हणून शूटिंग करत होते. चित्रफितीत रस्ता आहे, गाडी आहे, पाणी आहे. पेलिकन कुठेच नाही. शेवटी मालकानं न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २०१५ मध्ये एक वर्ष एक दिवस तुरुंगवासाची शिक्षा झाली.

त्याआधी २००६ मध्ये कॅलिफोर्नियात मॅलिबूच्या किनाऱ्यावर एक फेरारी एन्झो खांबावर आपटून अक्षरशः दोन तुकडे झाली. अशा गाड्या कंपनीनं चारशेच बनवल्या होत्या. आतला माणूस जवळजवळ धडधाकट, कारण या गाड्यांत बसायचा पिंजराच तेवढा मजबूत असतो. तो पोलिसांना म्हणाला, "मी चालवत नव्हतो. डिट्रिच नावाचा एक जर्मन चालवत होता, तो डोंगरात पळाला." डिट्रिच आजतागायत कुणाला सापडला नाही. सापडणार कसा?

आमच्या क्लेम फॉर्मवर नाव, पॉलिसी नंबर झाला की थोड्याच ओळींनंतर एक प्रश्न येतो: अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं? साधा प्रश्न. चौतीस वर्षांत आम्ही शिकलो ते हे की माणसाची सगळी परीक्षा या एका ओळीत होते. बंपर तुटणं ही फजिती. पेलिकन आणि डिट्रिच ही मात्र निराळी गोष्ट आहे.

आता घरातली गोष्ट. ज्याची आहे तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्यानं परवानगी दिली आहे, म्हणून सांगतो. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. स्वतःच्या कष्टानं कंपनी उभी केली, आणि दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. खजराना गणपतीला नेऊन पूजा केली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आमच्या माहितीत लिंबावरून जाताना आवाज झालेली ती पहिलीच गाडी, कारण लिंबू चाकाखाली न येता बंपरखाली सापडलं.

जुलैत एका संध्याकाळी धो धो पाऊस. रेल्वेच्या पुलाखालच्या रस्त्यात पाणी. पुढे एक रिक्षा आरामात निघून गेली, ते बघून यानं गाडी घातली. अर्ध्यात बंद पडली. आता इथे एकच गोष्ट करायची असते, ती म्हणजे काहीच न करणं. किल्ली काढायची, उतरायचं, गाडी ढकलून बाहेर घ्यायची. यानं पुन्हा स्टार्टचं बटण दाबलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना पिस्टन वर यायला गेला की त्याचा दांडा वाकतो. दोनदा बटण दाबलं, इंजिन गेलं.

मग मदतीला एक ट्रॅक्टरवाला आला. अशा गाडीला ओढायची कडी वेगळी असते, डिकीत हत्यारांत ठेवलेली, बंपरचं छोटं झाकण काढून पेचानं बसवायची. हे कुणाला ठाऊक? ट्रॅक्टरवाल्यानं दोर थेट बंपरला बांधला. "चलो भिया" म्हणून ओढलं, तर बंपर ट्रॅक्टरबरोबर गेला आणि गाडी पाण्यातच राहिली. रात्री नऊपर्यंत ती चित्रफीत आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. बडोद्याच्या आत्यांनी विचारलं, "तो नाव चालवतोय का?"

रात्री साडेदहाला त्याचा फोन. "मामा, उद्या सर्व्हेयर येणार आहे. काय सांगू?"

मंडळी, हा प्रश्न साधा नव्हता. साध्या पॉलिसीत पाणी शिरल्याचं नुकसान मिळतं, पण पाणी शिरल्यावर इंजिन चालू करून जे मोडतं ते सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. यानं काही हजार वाचवायला ते घेतलं नव्हतं. इंजिनाचा खर्च लाखांत होता. आणि एक वाक्य असं होतं की ते नीट सांगितलं असतं तर बहुतेक दावा निघून गेला असता. आम्हाला ते वाक्य पाठ होतं. लोकांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलं होतं.

आम्ही म्हणालो, "जे झालं ते सांग." तो म्हणाला, "मामा, सगळं?" आम्ही म्हणालो, "दोनदा बटण दाबलंस, तेही." फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बहीण आली फोनवर. "दादा, परक्यांचे दावे पास केलेस आयुष्यभर. घरच्यासाठी एक शब्द जड झाला?"

तिला जे तेव्हा सांगू शकलो नाही ते आज इथे सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे एक केस आली. परदेशातून आणलेली लाल, दोन दारांची गाडी. मालक शहरातले वजनदार. पहाटे गाडीनं एका सायकलवरच्या दूधवाल्याला उडवलं, त्याचा पाय मोडला. फॉर्मवर लिहिलं होतं, गाडी ड्रायव्हर चालवत होता. ड्रायव्हर समोर उभा होता, बेताच्या उंचीचा, सव्वापाच फूटसुद्धा नसेल. आम्ही गाडीचं दार उघडलं. सीट पार मागे सरकवलेली. त्या सीटवर बसून त्या माणसाचा पाय ब्रेकपर्यंत पोचणंच शक्य नव्हतं. मालकांचा मुलगा मात्र सहा फुटी होता, आणि तो त्या दिवशी घरात कुठे दिसला नाही.

आम्ही ते पाहिलं. ड्रायव्हरनंही आम्हाला ते पाहताना पाहिलं. आणि आम्ही रिपोर्टात लिहिलं, "फॉर्ममधील माहितीनुसार वाहन ड्रायव्हर चालवत होता." वाक्यात एकही खोटा शब्द नाही. लाच घेतली नाही, चहासुद्धा प्यालो नाही. नवी नोकरी होती, साहेबांचा फोन आला होता, घरी लहान मूल होतं. तो ड्रायव्हर पुढे काही वर्षं कोर्टाच्या तारखा करत राहिला. दूधवाल्याचं काय झालं ते आम्ही विचारलंच नाही. बऱ्याच वर्षांनी जेल रोडवर तो ड्रायव्हर भेटला. त्यानं आम्हाला ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ मे २०२४ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेनं आपल्या मध्य प्रदेशातून नोकरीला गेलेल्या दोन तरुण इंजिनीअरांचा जीव घेतला. चालवणारा अल्पवयीन असल्याचं समोर आलं. कोट्यवधींची गाडी, आणि कायमच्या नोंदणीचे १,७५८ रुपये भरायचे राहिले होते. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर आधी जामीन मिळाला, त्यावर देश संतापला. ड्रायव्हरवर दबाव आणल्याचे आरोप झाले. निकाल न्यायालय देईल, आम्ही देणार नाही. पण त्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना आमच्या डोळ्यांपुढे ती मागे सरकवलेली सीट आली. रात्रभर झोप लागली नाही. फॉर्मवरचा तोच प्रश्न, गाडी कोण चालवत होतं? आणि त्याच्यापुढे कुणीतरी कुणाच्यातरी नावाची जुळवाजुळव करतंय.

श्रीमंताच्या फजितीवर आपण हसतो, हसावं. त्यात वाईट काही नाही. पण गाडी रिक्षाला, खांबाला, बंपरला लागते आहे तोवरच हसायचं. रस्त्यावर दुसरा माणूस आहे हे विसरलं की तिथून पुढे हसायला काही उरत नाही. आणि मालकाचं म्हणाल तर फजितीतून तो सुटतो ते एकाच गोष्टीनं, "होय, मीच चालवत होतो" एवढं म्हणण्यानं. नुसत्या अपघातावर लोक महिनाभर हसतात आणि विसरतात. पेलिकन मात्र कुणी विसरत नाही.

आता भाच्याचं काय झालं ते. त्यानं सर्व्हेयरला सगळं सांगितलं. बटण, दोनदा. साफसफाई, आतलं कापड, वायरिंग यांचे पैसे मिळाले. बंपरवर थोडी घासाघीस झाली. इंजिनाचे मिळाले नाहीत. गाडी आहे तशी विकली, मोठा फटका बसला. बहीण त्या वर्षी भाऊबीजेला आली, ओवाळलं, चकली वाढली, पण बोलली नाही. पुढच्या वर्षीही तसंच. आमच्या ताटातली चकली दोन वर्षं फार कडक लागली.

तिसऱ्या वर्षी याच मंडळाच्या गणपतीत, पंगतीत बसलो असताना भाचा स्वतःच दहा जणांना ती गोष्ट रंगवून सांगत होता. ट्रॅक्टर, दोर, बंपर, आत्याचं "नाव चालवतोय का", सगळं. लोक हसून हसून लोळत होते, आणि वाढपी असलेली आमची बहीणही हसत होती. तिनं आमच्या पानात आणखी एक मोदक टाकला आणि म्हणाली, "दादा, तूप घे." दोन वर्षांनंतरचे पहिले तीन शब्द.

भाचा आता साध्या गाडीतून फिरतो. पुलाखाली पाणी दिसलं की लांबून वळसा घेतो. मधूनमधून आम्हाला विचारतो, "मामा, आता तरी सांगा, ते वाक्य कोणतं होतं?"

आम्ही सांगत नाही. आजही सांगणार नाही. या सभागृहात दोनशे माणसं आहेत, आणि बाहेर पाऊस पडतोय.

घरी जाताना गाड्या जपून काढा, फाटकातला गतिरोधक आपल्याच मंडळानं घातलेला आहे.

गणपती बाप्पा मोरया!